कडूबा वल्द सांडू

"तो माझा मालक नव्हं," मनकर्णाबाई म्हणाली. "चतुराचा असंल. तिला विचारा."

रामकिसन मास्तर सकाळीच गारखेड्याला चतुराबाईकडं जाऊन आले होते. तिनं चहा पाजला आणि हेच उत्तर दिलं होतं. फक्त नाव मनकर्णाबाईचं घेतलं होतं.

१९७२ चा ऑगस्ट होता. स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली म्हणून जिल्ह्यातल्या हुतात्म्यांची नावं दगडावर कोरायचं ठरलं होतं. समितीनं यादीचं काम मास्तरांकडं दिलं होतं. पोलीस ॲक्शननंतर केलेल्या एका जुन्या पंचनाम्यात त्यांना ओळ सापडली होती: 'कडूबा वल्द सांडू, मौजे वाकदरी. करोडगिरी नाक्यावर गोळी लागून मयत.'

वाकदरीत कडूबा वल्द सांडू दोन होते. एकाच भावकीतले, एकाच आळीतले. दोघांच्याही आधीची भावंडं जगली नव्हती, म्हणून दोघांची नावं कडूबा ठेवलेली. बापांची नावंही तीच. गाव त्यांना थोरला आणि धाकला म्हणायचं. थोरल्याची बायको मनकर्णाबाई, धाकल्याची चतुराबाई.

अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात निजामाच्या त्या जकात नाक्यावर चालून गेलेल्या टोळीत दोघंही होते. नाक्यावरून गोळीबार झाला, टोळी पांगली. कोणी वऱ्हाडात निघून गेलं, कोणी महिन्यांनी घरी आलं. हे दोघं आले नाहीत.

"बाई, मान आहे हा," मास्तर म्हणाले. "सतरा सप्टेंबरला दगडाला पहिला हार तुमच्या हातून घालायचा."

"मग तो मान चतुराला द्या."

"ती घेत नाही."

"कशी घेईल?" मनकर्णाबाईनं परातीतलं पीठ जोरात मळलं. उस्मानपुऱ्यातल्या एका वसतिगृहात ती भाकऱ्या करायची. कपाळावर कुंकू होतं, गळ्यात काळी पोत होती. "मास्तर, आमच्या मालकाला जालन्याच्या जिनिंगात पाह्यलंय लोकांनी. पोलिसांच्या भ्यानं नाव बदलून राहत असंल."

चतुराबाईचा नवरा खांडव्याच्या गिरणीत होता. तिलाही कोणीतरी सांगितलं होतं. तिच्याही कपाळावर कुंकू होतं.

मास्तरांना त्या दिवशी घरी जाताना कळलं, की या दोघी मान नाकारत नव्हत्या. जी तो हार घालील तिचा नवरा मेलेला, आणि दुसरीचा कुठंतरी जिवंत.

पंचनाम्याखाली एक अंगठा होता. नवाब, चपराशी, करोडगिरी नाका. चार दिवस विचारपूस केल्यावर तो माणूस क्रांती चौकाजवळ सापडला. सायकलींची पंक्चरं काढायचा. मास्तरांनी दोघींना निरोप धाडला. येतील असं त्यांना वाटलं नव्हतं. पण दोघी आल्या.

दुकानासमोर एकच बाकडं होतं. चतुराबाई आधी येऊन बसली होती. मनकर्णाबाईला पाहून ती जराशी सरकली.

"बस, अक्का."

मनकर्णाबाई बसली. कितीतरी वर्षांत दोघी एकमेकींच्या दारात गेल्या नव्हत्या.

"पोरगी कशी हाय?" मनकर्णाबाईनं विचारलं.

"सिल्लोडला दिली. बरं चाललंय."

"बापावर गेली व्हती."

"व्हय. तसंच नाक."

नवाब आत हात धूत होता.

"चतुरे," मनकर्णाबाई हळूच म्हणाली, "म्या तुझं वाईट कवा चिंतलं नाय."

"चिंतलंस, अक्का," चतुराबाई तिच्याकडं न बघता म्हणाली. "म्याबी चिंतलं. रोज चिंतलं."

मनकर्णाबाईनं पदर तोंडाला लावला. थोड्या वेळानं तिनं दुसरा हात चतुराबाईच्या हातावर ठेवला. चतुराबाईनं तो काढून टाकला नाही.

नवाब हात पुसत बाहेर आला. साठीचा, वाळलेला माणूस. दोघींना पाहून त्यानं डोक्यावरची टोपी नीट केली.

"या बायका कोण, मास्तर?"

"वाकदरीच्या," मास्तर म्हणाले. "नाक्यावरच्या त्या दिवसाचं विचारायचं होतं."

नवाब स्टुलावर बसला. "लई दिवस झाले. पण याद हाय. पहाटे गोळ्या चालल्या, उजाडल्यावर शिपाई निघून गेले. नाल्यात कोणी कण्हतंय म्हणून मी पाण्याचा बधना घेऊन गेलो. पाणी पाजलं. हिंदूंची रीत मला काय ठावं? गावातनं दोन म्हातारे बोलावले, लाकडं जमवली. शिपायांना कळलं असतं तर माझीबी खैर नव्हती."

"नाव कुणी सांगितलं?"

"त्यांच्याच तोंडून ऐकलं. पाणी पाजताना विचारलं. नाव कडूबा, बापाचं नाव सांडू, गाव वाकदरी. नंतर हिंदुस्थानची फौज आली, तवा तेच मी पंचनामा लिहिणाऱ्या मुन्शीला सांगितलं."

मास्तरांनी दोघींकडं पाहिलं. आता थांबता येत नव्हतं.

"नवाबभाई, नीट आठवून सांगा. वाकदरीत या नावाची दोन माणसं होती. एक उंच, सावळा. दुसरा ठेंगणा, गोरा, मिशा नसलेला. यातला कोण होता?"

चतुराबाईनं डोळे मिटले. मनकर्णाबाईची बोटं तिच्या हातात रुतली. रस्त्यावरून एक टांगा गेला. नवाबनं आधी एकीच्या कपाळाकडं पाहिलं, मग दुसरीच्या. मग मान खाली घातली.

"मुन्शीला मी ते नाव दोन डाव लिहायला सांगितलं, मास्तर," तो म्हणाला. "तो हसला. म्हनला, एकीच आदमी का नाम दो बार कायकू लिखाता, मियाँ?"