जंताचं मूळ

कत्तलखान्यातल्या तपासणीत या गोठ्यातल्या वासरांच्या मांसात पट्टकृमी या जंताच्या गाठी सापडल्या, तेव्हा जनावरांच्या डॉक्टरबाई मूळ शोधायला आल्या. पाणी तपासलं, चारा तपासला, कुंपणापलीकडचा नालाही पाहिला. काही निघालं नाही.

“मग हा जंत माणसाच्या पोटातून आलाय,” त्या म्हणाल्या. “वासरांना दूध कोण पाजतं?”

“आम्ही दोघी बहिणी,” थोरली म्हणाली. लगेच पुस्ती जोडली, “म्हणजे, जास्त करून धाकटीच.”

ते खरंच होतं. धाकटीनं दुधात बोटं बुडवून तोंडात दिली, की कालचं जन्मलेलं वासरूही चुटूचुटू चोखत बादलीतलं दूध प्यायला लागायचं. थोरलीची बोटं मात्र वासरं जिभेनं ढकलून द्यायची. बाबा कौतुकानं म्हणायचे, “धाकटीच्या हाताला गुण आहे.” एवढ्या एका वाक्यानं थोरलीच्या पोटात वर्षानुवर्षं दुखत आलं होतं.

बाबांसकट तिघांच्या शौचाचे नमुने दवाखान्यात गेले. निकाल येईपर्यंत थोरली मनातल्या मनात एकच घोकत होती, जंत धाकटीचाच निघू दे.

तिचाच निघाला.

“अर्धकच्चं मांस खाल्लं असेल कधीतरी,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “जंताची अंडी हाताला लागली आणि हातावरून वासरांच्या पोटात गेली. औषधानं जंत पडून जाईल. तोवर गोठ्यात पाऊल टाकायचं नाही.”

धाकटी हमसून हमसून रडायला लागली. “बाबा, माझ्यामुळे झालं हो सगळं!”

थोरली बाबांकडे बघत राहिली. आता भडकतील, आता भडकतील.

बाबांनी धाकटीला जवळ ओढलं. “वेडी कुठली!” पोरीच्या पोटात एवढं लांबलचक जनावर आणि बापाला पत्ता नाही, म्हणून त्यांचेच डोळे भरून आले. त्यांनी तिला खाटेवर निजवलं, पायांवर पांघरूण घातलं आणि उशाशी बसून तिच्या केसांतून हात फिरवत राहिले. मग मान न वळवताच थोरलीला म्हणाले, “तू बघ गं वासरांचं.”

थोरली बाहेर आली. डॉक्टरबाई गाडीत सामान ठेवत होत्या.

“बाई, माझा नमुना नीट पाहिला ना त्यांनी?”

“पाहिला की. तुम्ही अगदी ठणठणीत आहात.”

“चुकूनमाकून नजरेतून सुटलं असेल,” थोरली गाडीचं दार धरून म्हणाली. “पुन्हा एकदा बघायला सांगा ना.”