हळद आणि चुना

"अप्पा, हायस्कूलच्या सामान्य विज्ञानात काय शिकवतात?" उद्यापासून वडिलांच्याच वर्गात बसायचं होतं म्हणून कावेरीनं चामराजपेटेतल्या घरी विचारलं.

"डोळ्यांनी बघायचं आणि शंका आली की हात वर करायचा. बस्स," रघुपती मास्तर म्हणाले. त्यांनी बशीतल्या हळदीत पानाच्या डब्यातला चुना कालवला. हळद लालभडक झाली. "झालं की नाही कुंकू? त्यात देवाबिवाचं काही नाही. नुसती हळद आणि चुना."

कावेरीनं ते बोटावर घेतलं आणि दारात उभ्या असलेल्या विधवा आत्याकडे वळली. "आत्ते, ये, तुला लावते. हळद आणि चुनाच आहे."

आत्यानं भावाकडे पाहिलं. मग हळूच कपाळ पुढे केलं.

"कावेरी! आधी हात धू!" मास्तर ओरडले.

"सरी, अण्णा," असा होकार देत आत्यानंच तांब्या आणून तिच्या बोटावर पाणी घातलं.

दुसऱ्या दिवशी वर्गात मास्तरांनी कन्नडातून तोच प्रयोग करून दाखवला. "लाल रंग येतो," एवढंच म्हणाले. "कुणाला काही शंका?"

पहिल्या बाकावरून कावेरीनं हात वर केला.

मास्तर वळून फळा पुसू लागले. फळ्यावर अजून काहीच लिहिलेलं नव्हतं.