एकट्याचा फोटो

“यात मागचं सगळं जातं ना?” लीनाताईंनी विचारलं.

काउंटरवर दोन कॅमेरे मांडलेले होते. एक काळा, जाड, गळ्यात पट्टा अडकवायचा डीएसएलआर. नवशिक्यांसाठीचाच, पण तोरा पत्रकाराचा. दुसरा चंदेरी, खिशात मावणारा. दुकानदार तौसीफने मोठ्यावर हात ठेवला.

“जातं काकू. मागचं सगळं धूसर. फक्त माणूस उरतो.”

छोट्यात काय होतं, तेही त्याने सांगितलं. छोट्यात सगळंच येतं. माणूस, मागची भिंत, भिंतीवरची पाल. हल्ली कॉलेजच्या मुली पुन्हा हाच मागायला लागल्यात.

शरच्चंद्रांनी छोटा उचलून शर्टाच्या खिशात टाकून पाहिला. खिशात पेन, चष्म्याचं घर आणि एसटीचं ज्येष्ठांचं कार्ड आधीच होतं. तरी तो मावला, याचाच त्यांना आनंद. कॅमेरा घ्यायचा तो फिरायला जाण्यासाठी, असं ते नेवाशाहून निघाल्यापासून धरून चालले होते. लीनाताईंनी तसं कधी म्हटलं नव्हतं. तसं नाही, असंही म्हटलं नव्हतं.

ताईंचे प्रश्न वेगळेच निघाले. फोटो मोठा केला तर चेहरा फुटणार नाही ना? काचेमागे ठेवला तर रंग किती वर्षं टिकेल? रोज उदबत्तीचा धूर लागला तर? तौसीफने आधी घरात लग्न आहे का विचारून पाहिलं, मग नातवाचं बारसं काढलं. ताईंनी दोन्हीला नकार दिला आणि शरच्चंद्रांकडे मान उडवली.

“यांचा काढायचाय. एकट्याचा.”

तौसीफच्या वडिलांचा स्टुडिओ होता. त्याला पुढचं सांगावं लागलं नाही. तो उगाच हसला.

“काका तर ठणठणीत आहेत.”

“म्हणूनच आत्ता,” लीनाताई म्हणाल्या.

मग त्यांनी दिरांची हकिकत सांगितली, शिंप्याने बिघडवलेल्या ब्लाउजबद्दल सांगावं तशी. दीर गेले, तेव्हा घरात त्यांचा एकट्याचा धड फोटो सापडेना. मोबाईलमधला मोठा केला तर नाकच हरवलं. शेवटी कुणाच्या तरी लग्नातल्या ग्रुप फोटोतून कापून काढावे लागले. कापणाऱ्याने घाई केली, खांद्यावर शेजारच्याचा हात राहून गेला. आता हार घातला की त्या हातावरूनच घालावा लागतो, आणि येणारा प्रत्येक जण विचारतो, हा हात कुणाचा.

शरच्चंद्रांनी उजवा हात पँटच्या खिशात घातला.

छोटाच घेऊ, असं ते म्हणाले. हलका आहे, प्रवासात बरा. ताईंनी ऐकून घेतलं, जसं त्या भाजीवालीचा पहिला भाव ऐकून घेतात. तेव्हा शरच्चंद्र जरा खालच्या आवाजात म्हणाले, “मला आपला सगळ्यांमध्ये असू दे ना.”

तौसीफला गिऱ्हाईक जायला नको होतं. दोन्हींनी काढून बघू म्हणत त्याने शरच्चंद्रांना दुकानाच्या पायरीखाली, गल्लीकडे पाठ करून उभं केलं. कापड बाजारामागची ती गल्ली दुपारीही भरलेली होती.

आधी छोटा. फोटोत समोरचं बांगड्यांचं दुकान आलं, घासाघीस करणारी बाई आली, रिक्षा आली, एका कडेला ताईंची पर्सही आली. या सगळ्यात शरच्चंद्रांना स्वतःला शोधावं लागलं. सापडल्यावर ते खूष झाले.

मग मोठा. तौसीफ गुडघ्यावर बसला आणि लेन्सची कडी फिरवू लागला.

“मागं बघू नका, काका.”

ते बघत नव्हते. आता मात्र बघावंसं वाटलं. पाठीमागे रिक्षा घरघरत होती, बाई भाव पाडत होती, बांगड्या किणकिणत होत्या. कडी फिरत गेली तसे ते आवाज विरळ झाले, बाजार उठताना होतात तसे. रिक्षा गेली. बाई गेली. बांगड्या कुणीतरी गुंडाळून ठेवल्या. मानेच्या मागे आता काहीच उरलं नाही.

“हलू नका.”

खट्.

शरच्चंद्र गर्रकन वळले. गल्ली जिथल्या तिथे होती. बाईची घासाघीस चालूच होती. एक स्कूटर सरळ त्यांच्या अंगावर आली, हॉर्न न वाजवता, वेग कमी न करता. पायरीवर उडी मारली म्हणून ते वाचले. स्कूटरवाल्याने शिवीही दिली नाही.

ते आत आले. मघाशी ते बसले होते त्या स्टुलावर आता ताईंची पिशवी होती. ती उचलली जाईल म्हणून ते शेजारी उभे राहिले. कुणी उचलली नाही.

लीनाताई कॅमेऱ्याच्या पडद्याकडे पाहत होत्या. चेहरा सुरेख आला होता. पापणीचा केस न् केस मोजावा असा. त्याच्या मागे गल्ली नव्हती, गाव नव्हतं, नुसता राखाडी उजेड होता.

ताईंनी एका पायाने दुसऱ्या पायातली चप्पल काढली, मग दुसरी. पदर खांद्यावर घेतला. बोटांची टोकं पडद्याला लावली आणि डोळ्यांना लावली.

“लीना,” शरच्चंद्र म्हणाले.

ताई क्षणभर डोळे मिटून थांबल्या. मग, अंत्यदर्शनाच्या रांगेत सरकतात तशा, त्या बाजूला सरकल्या आणि मागे उभ्या असलेल्याला पुढे यायला जागा करून दिली.