योर्गिसचा वाटा

एव्हान्थियानं नववर्षाच्या केकवर सुरीनं क्रूस काढला आणि वाटे पुकारायला सुरुवात केली. "हा ख्रिस्ताचा. हा मरियामातेचा. हा घराचा."

समोर तिचा दीर, लांब्रोस. टेबलाशी दोघंच. पाठोपाठ ती योर्गिसचा, तिच्या लेकाचा वाटा काढणार. आज तिला थांबवायचं आणि सांगून टाकायचं, असं ठरवूनच तो खालच्या गावाहून बर्फ तुडवत आला होता. ती समजते तसा योर्गिस रशियात नाही. ग्रीसच्या यादवीत, घाटातच गेला. लांब्रोसनंच आपल्या हातांनी त्याला पुरलं होतं.

रिवाजाप्रमाणे केकात दडवलेलं सोन्याचं नाणंही योर्गिसचंच. १९१७ सालचं, इंग्रजांचं. एका बाजूला त्यांचा राजा जॉर्ज, दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसून अजगराला मारणारा संत जॉर्ज. जॉर्जला ग्रीकमध्ये योर्गिस म्हणतात, म्हणजे दोघंही योर्गिसच! जर्मनांशी लढाई चालू असताना विमानातून छत्रीनं उतरलेल्या इंग्रजांनी असली नाणी डोंगरभर वाटली. संताच्या अंगावर शिरस्त्राणाखेरीज धड कपडा नाही, हे पाहून गाव म्हणालं, "इंग्रजांनी याचे कपडेसुद्धा विकले की काय?"

मेलेल्या पुतण्याच्या बंडीचं अस्तर उसवून लांब्रोसनं ते नाणं आणलं होतं. पण दारात वाट बघणारी आई दिसली आणि त्याचा धीर सुटला. "वहिनी, योर्गिसनं पाठवलंय. सरहद्द ओलांडली त्यानं," तो बोलून गेला. तेव्हापासून बारा वर्षं, परदेशी गेलेल्या माणसाचा काढतात तसा योर्गिसचा वाटा निघत होता. तो बघून, अपराधी मनानं दर नववर्षाला येणाऱ्या लांब्रोसला घास गिळवत नसे.

"हा माझा. हा तुमचा, भाऊजी." एव्हान्थियानं सुरी पुसून खाली ठेवली.

"आणि योर्गिसचा?" त्याच्या तोंडून निघून गेलं.

"मेलेल्यांचा वाटा काढत नाहीत, भाऊजी."

"तुम्हाला कधी कळलं?"

"नाणं तुम्ही माझ्या हातावर ठेवलंत तेव्हाच. अस्तरात मीच शिवलं होतं ते. जीव जाईपर्यंत काढणार नाही, अशी शपथ घेतली होती त्यानं माझी. आज तुम्ही सांगायलाच आलायत, तोंडावर दिसतंय. म्हटलं, तुमचा त्रास वाचवावा."

"मग बारा वर्षं त्याचा वाटा कशाला काढलात, वहिनी?"

तिनं त्याची बशी पुढे सरकवली.

"तुम्ही तेव्हाच सांगून मोकळे झाला असतात, तर दर वर्षी माझ्याकडे कोण आलं असतं?"