खालचा रस्ता

"आपण परत जाऊया," ती जिन्यातच म्हणाली.

मास्तर पायरीवर पाय टेकवून बुटाची नाडी बांधत होता. काखेत कापडी पिशवी. त्याने मान वर करून बायकोकडे पाहिलं, गाठ पक्की केली आणि म्हणाला, "भाजी संपलीय. येतेस? चालता चालता बोलू."

ती निघाली. शनिवारी दुपारी ती घरात असणं हेच मुळात नवल होतं. या अवाढव्य परक्या शहरात जमिनीखालून गाड्या धावायच्या. त्यांच्या बोगद्यांत हवा खेळती ठेवायची, हे तिचं काम. सकाळी अंधारात निघायची, दिवेलागण झाल्यावर परतायची. शनिवारसुद्धा सुटत नसे. आता करार संपत आला होता. साहेबांना ती अजून हवी होती आणि सोमवारी तिने उत्तर द्यायचं होतं. तिने मनाशी ठरवून टाकलं होतं. नाही म्हणायचं.

कारण मास्तर. गावी तो शाळेत कवायत शिकवायचा. त्याच्या एका शिट्टीवर अख्खं मैदान वळायचं. सगळा गाव त्याला मास्तर म्हणे, म्हणून लग्नानंतर तीही म्हणू लागली. तिला ही नोकरी लागली तेव्हा त्याने हसत हसत शिट्टी खुंटीला टांगली. थोरले भाऊजी म्हणाले, "बायकोच्या मागे शेपटासारखा निघालास की रे!" त्यावरही तो हसलाच. इथे मात्र त्याच्या शिक्षणाला कुणी कुत्रं विचारेना. कामावर असताना तिच्या डोळ्यांसमोर एकच चित्र असायचं. चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, खिडकी आणि खिडकीशी बसलेला मास्तर. अख्ख्या शहराला हवा पुरवतो आपण, आणि आपलाच माणूस घरात गुदमरतोय, असं वाटून घास घशाखाली उतरत नसे.

"तुझे हाल मला बघवत नाहीत," रस्त्यावर येताच ती म्हणाली. "माझं चांगलं झालं, पण तू भिंतींशी बोलत बसतोस. माझ्यासाठी किती दिवस..."

तेवढ्यात लाँड्रीवाल्या बाईंनी दारातून हाक मारली.

"गुडघा काय म्हणतो?" मास्तरने विचारलं.

"जिना उतरते आता. तुला शिव्या देत देत, पण उतरते!"

पुढे बूट दुरुस्त करणारा म्हातारा तोंडातले खिळे काढून म्हणाला, "काल फिरकला नाहीस? मला वाटलं, पळालास!" दोघे खो खो हसले. ती बाजूला उभी राहिली. इथली भाषा तिला येत होती, पण ती ऑफिसातली, इस्त्री केलेली. ही रस्त्यावरची भाषा निम्मी तिच्या डोक्यावरून गेली. मास्तर तीच भाषा बेधडक बोलत होता. व्याकरणाचे हातपाय मोडत होते, पण समोरच्याला पोचत होती.

बागेच्या कोपऱ्यावर बाकांवर म्हातारे-म्हाताऱ्या उन्हाला बसल्या होत्या. मास्तरला बघताच सगळ्यांनी गमतीने हात वर ताणले. "उद्या सकाळी!" एक आजोबा ओरडले. "उद्या सकाळी!" मास्तरने हात हलवला.

"हे कोण?" तिने विचारलं.

"माझा वर्ग. रोज सकाळी यांची कवायत घेतो बागेत. पुढच्या महिन्यापासून त्या पलीकडच्या सभागृहात घ्यायची. रीतसर पगारावर."

"आणि मला बोलला नाहीस?"

"बोललो की. जेवताना. तू 'हं' म्हणालीस."

तिला आठवलं. समोर लॅपटॉप, ताटात गार झालेलं जेवण आणि 'हं'. असे किती 'हं' झाले असतील कोण जाणे. ती चालायची थांबली.

"म्हणजे तुला परत नाही जायचं?"

"जायचंय असं मी कधी म्हटलं?" मास्तरही थांबला. "तू जिन्यात म्हणालीस तेव्हा वाटलं, चला, बोलली एकदाची. तुला करमत नाही गं इथं. मला केव्हाच कळलंय. जायचं असेल तर उद्या जाऊ. पण माझ्या नावावर नको."

शहराच्या पोटातलं एकेक वळण तिला डोळे मिटून सांगता आलं असतं. घराखालच्या या रस्त्यावर मात्र ती कधी धड चाललीही नव्हती. ऑफिसातली माणसं घोळका करून जेवायची आणि बोलवायचीसुद्धा. 'काम आहे' म्हणून तीच जागेवर डबा उघडायची. घास अडायचा तो तिथे, आणि खापर फुटायचं मास्तरच्या खिडकीवर.

दोघे भाजीच्या दुकानात पोचले. भाजीवाली चांगली आडव्या अंगाची. तिने ॲप्रनला हात पुसले आणि नव्या पाहुणीला आपादमस्तक न्याहाळलं.

"मास्तर," ती म्हणाली. तीही त्याला मास्तरच म्हणत होती, फक्त 'स्त'वर जीभ अडखळत होती. "ही कोण?"

"माझी बायको."

"काय सांगतोस! उठता-बसता हिचंच नाव घेतोस, पण दिसली नाही कधी. आम्ही म्हटलं, गावाकडेच ठेवलीय हिला. कधी आली?"

मास्तर गडबडला. खोटं त्याला जमत नसे, आणि बायकोला चारचौघांत खाली बघायला लावणंही जमत नसे. तो परक्या भाषेत शब्द जुळवू लागला.

तिने त्याच्या काखेतली पिशवी ओढून घेतली, झटकली आणि भाजीवालीसमोर उघडून धरली.

"आजच," ती म्हणाली.