गुरुवारचा पेढा

आमच्या भुरी कुत्रीच्या पोटाची खाज थांबावी म्हणून डॉक्टरांनी तिला फक्त उकडलेला बांगडा, रताळं आणि माशाच्या तेलाचे थेंब सांगितले होते. तरी दर शुक्रवारी ती रक्त येईपर्यंत खाजवायची. आता इंजेक्शनं सुरू करावी लागणार होती. पण शुक्रवारीच का?

गुरुवारी संध्याकाळी मी मुद्दाम ओसरीवर बसले. सासरे दत्ताच्या देवळातून आले आणि त्यांनी पेढा मोडून भुरीपुढे धरला.

"अण्णा, दूध सोसत नाही हो तिला!"

"अगं, दत्ताच्या पायाशी बसणारी जात. तिलाच प्रसाद नको म्हणू?"

"दत्ताला रताळं चालेल?"

अण्णांनी विचार केला, पेढा स्वतःच्या तोंडात टाकला आणि म्हणाले, "उकडून दे. नैवेद्य दाखवून आणतो."

शुक्रवारी भुरी निवांत झोपली होती. अण्णा चष्मा लावून तिचं पोट तपासत होते.