सीटवरचं वर्तमानपत्र

गाडी आज देऊन टाकायची होती, तरी मिस्त्रींनी बसायच्या आधी सीटवर वर्तमानपत्र अंथरलंच. चार वर्षांत हे एकदाही चुकलं नव्हतं. आधी पँट झटकायची, मग कागद पसरायचा आणि परक्याच्या घरी बसावं तसं त्यावर अंग चोरून बसायचं.

"बाबा, तासाभरात ही दुसऱ्याची होणार आहे," मुलगी म्हणाली.

"तोवर तुझी आहे ना?"

तिने गाडी रस्त्यावर घेतली. छोटीशी, पांढरी, विजेवर चालणारी गाडी. मुलीने ती विमा कंपनीच्या पगारातून घेतली, तेव्हा मिस्त्री गल्लीत घरोघरी सांगत फिरले होते. आवाज नाही, धूर नाही, आणि मुख्य म्हणजे भुसा नाही. आपली पोर लाकडाच्या भुशातून कायमची सुटली, याचा तो चारचाकी पुरावाच होता. आता तीच पोर सोन्यासारखी नोकरी सोडून त्यांच्या कारखान्यात येऊन उभी राहिली होती, आणि ही गाडी देऊन विजेवरचीच पिकअप घेत होती. लाकूड वाहायला! कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तसा आपलाच रंधा पोरीच्या मुळावर आला, या विचाराने महिनाभर त्यांना अन्न गोड लागत नव्हतं.

"लोकांनी विचारलं तर काय सांगू?" त्यांनी खिडकीबाहेर बघत विचारलं. "मुलगी सुतारकाम करते म्हणून?"

"तुमच्याबद्दल विचारलं की मी शाळेपासून तेच सांगत आलेय."

मिस्त्रींनी मांडीखालचा कागद पुन्हा सारखा केला.

शोरूमच्या आवारात पिकअप धुऊनपुसून उभी होती. विक्रेत्याने मागचा फाळका खाली पाडला आणि हौद्याच्या कडेला बसवलेले प्लग दाखवले. "गिऱ्हाइकाच्या दारात गाडी लावायची आणि हिच्याच बॅटरीवर करवत चालवायची. कुणाकडे वीज मागायला नको."

मुलगी नुसती खुलली होती. मिस्त्री हात पाठीमागे बांधून गाडीभोवती फिरत होते, पिकअपने काही गुन्हा केल्यासारखे. दुसऱ्या फेरीला मात्र त्यांना राहवलं नाही. खिशातून टेप निघाली.

"तू रुंदी किती धरली होतीस?"

"चार फूट दोन इंच. मागच्या वेळी स्वतः मोजली."

"वरच्या वर मोजलीस. खाली चाकांवरचे फुगवटे कोण मोजणार?" त्यांनी टेप दोन फुगवट्यांच्या मध्ये धरली. "तीन फूट सात. चार फुटी प्लाय इथे सपाट बसायचा नाही."

मुलीचा चेहरा खर्रकन उतरला.

"थोडा तिरका ठेवला की बसतो, साहेब," विक्रेता म्हणाला.

"तिरका ठेवला की वाकतो."

महिनाभर मिस्त्री ज्याची वाट बघत होते ती संधी आयती चालून आली होती. सही अजून व्हायची होती. 'बघ, आपलं काम नव्हे हे' एवढं म्हटलं असतं, तर पोर आल्या पावली पांढऱ्या गाडीत बसून परत फिरली असती. शब्द अगदी ओठांवर आले होते.

पण मुलगी हौद्यात चढली होती. गुडघे टेकून, ओठांतल्या ओठांत आकडे पुटपुटत ती फुगवट्याची उंची मोजत होती. तिच्या कानामागे भुसा होता, सकाळी न्हाऊनही राहिलेला. नोकरीच्या आठ वर्षांत ती कुठल्या कामात एवढी बुडालेली त्यांनी पाहिली नव्हती. हिला कुणी इथे ओढून आणलेलं नाही, हे त्यांना आत्ता कुठे दिसलं.

"किती भरला?" त्यांनी विचारलं.

"नऊ इंच."

"मग नऊ इंचांवर फळ्यांची माची टाकू. प्लाय वर, अवजारं खाली."

कानावरची पेन्सिल हातात आली. कागद हवा होता. ते तरातरा पांढऱ्या गाडीकडे गेले, सीटवरचं वर्तमानपत्र ओढून आणलं आणि फाळक्यावर पसरून बातम्यांवरून रेघा मारू लागले. मुलगी खाली उतरून शेजारी वाकली.

"मधोमध एक आधार द्या, बाबा. नाहीतर फळी झोल खाईल."

मिस्त्रींनी रेघेकडे पाहिलं, मग तिच्याकडे. झोल खाणार होती खरी. चाळीस वर्षांत कानावरची पेन्सिल त्यांनी कुणाला हात लावू दिली नव्हती. ती त्यांनी मुलीपुढे धरली.

"तूच काढ."

आधार काढून झाला, बाजूला मापं लिहून झाली. त्याच धांदलीत ती पेन्सिलीनेच सही करायला निघाली, तेव्हा विक्रेत्याने घाईघाईने आपलं पेन पुढे केलं.

निघताना मिस्त्रींनी पिकअपचं दार उघडलं. कोरी करकरीत सीट. हात सवयीने कागदाकडे वळला, पण वर्तमानपत्र मुलीजवळ होतं. रेघा पुसल्या जाऊ नयेत म्हणून ती त्याची जपून घडी घालत होती.

"थांबा, बाबा, अंथरायला दुसरा कागद मागून आणते."

"राहू दे," मिस्त्री म्हणाले. पँट न झटकता ते वर चढले आणि चांगली ऐसपैस पाठ टेकून बसले.